शिंप्याचं बोट

अँब्युलन्सवरच्या ताईंना ड्रायव्हरमामा ‘भिंगरी’ म्हणत. बाईच्या पायाला भिंगरी होतीच, पण त्या दुपारी तिच्या जिवालाही चैन नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा शिंपी बेशुद्ध पडला होता. लिव्हर तीन वर्षांपूर्वीच कामातून गेलेलं. डोळे पिवळेजर्द, पोट पाण्यानं टम्म, हातापायांच्या काड्या झालेल्या. हाक मारली, चिमटा काढला, तर नुसतं कण्हणं. मुलगा दारातच सुरू झाला, "डॉक्टरांनी सांगितलंच होतं, लिव्हरचं विष डोक्यात चढलं की असे झोपतील. ते उतरवायचं रोजचं पातळ औषध आईनं चुकवलं असणार, दुसरं काय!" आई भिंतीला टेकून उभी होती.

भिंगरीनं शिंप्याला कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ ओढून घेतली, ऑक्सिजन लावला. बोटावरून स्पिरिटचा बोळा फिरवून टोचलं आणि थेंब साखरेच्या यंत्राला लावला. एकशे अडतीस. म्हणजे साखरेचं काही नाही, लिव्हरचीच गुंगी. आता हॉस्पिटल गाठणं एवढंच हातात.

"चला मामा, उचला."

मायलेकांना मागे बसवून गाडी सुटली तरी भिंगरीच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. शिंप्याचं कपाळ घामानं डबडबलं होतं, हात गार पडले होते. नुसत्या गुंगीत असा दरदरून घाम? तिनं नळी तपासली, पट्टा तपासला, पुन्हा नळी तपासली.

"काकू, सकाळी काय खाल्लं यांनी?"

मुलगाच बोलला, "अहो, ते काय खाणार..."

"तुम्हाला नाही विचारलं."

काकू दचकल्या. "कालपासून पोटात काही नाही हो. मघाशी संत्र्याच्या फोडी हातात दिल्या, तर चिवडत बसले. तोंडापर्यंत एकही गेली नाही."

भिंगरीनं शिंप्याचं टोचलेलं बोट पाहिलं. संत्र्याचा रस बोटाला, आणि बोटावरची साखर यंत्राला! स्पिरिटनं तो चिकटा जात नाही, हे तिला तोंडपाठ होतं. तिनं दुसऱ्या हाताचं बोट पाण्यानं खसखसून धुतलं, कोरडं केलं, टोचलं.

एकोणतीस. सत्तरच्या खाली गेली तरी धोका.

"मामा, गाडी बाजूला घ्या!"

त्या काडीएवढ्या हातात शीर सापडेना. एकदा हुकली. दुसऱ्यांदा लागली तेव्हा तिचाच घाम हनुवटीवरून टपकत होता. ग्लुकोज हळूहळू आत गेलं. तिसऱ्या मिनिटाला शिंप्यानं डोळे उघडले आणि तो पुटपुटला, "गर्दी कसली केलीये?"

काकू हसल्या आणि त्याच दमात रडल्याही. भिंगरीनं सगळं सांगून टाकलं, "थकलेल्या लिव्हरला साखर साठवता येत नाही, त्यात हे उपाशी. मी पहिल्यांदाच बोट धुवायला हवं होतं. चौदा मिनिटं घालवली मी. दुखणं काही बरं झालेलं नाही काकू, पण आजची झोप डोक्यात चढलेल्या विषाची नव्हती."

मुलगा उसळला, "म्हणजे तुमच्या हलगर्जीपणामुळं माझे बाबा गेले असते!"

"गप्प बस," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "औषध मी दिलं होतं, तिन्ही वेळा. तू विचारलं नाहीस. ठरवून टाकलंस."

मुलानं मान खाली घातली. लेकी बोले सुने लागे, भिंगरीनंही घातली. मग तिनं फॉर्म पुढं ओढला, एकशे अडतीसवर काट न मारता खाली एकोणतीस लिहिलं आणि शेजारी लिहिलं, पहिल्या वेळी बोट धुतलं नव्हतं.