सतरा नंबरची चिठ्ठी

साहेबांनी बारकोड वाचायचं यंत्र तिसऱ्यांदा बाटलीवर धरलं. पडद्यावर पुन्हा तोच आकडा आला. सतरा.

"सतरा म्हंजी मीच," बानूबाई म्हणाली. "पर ही चिठ्ठी मी लावल्याली न्हाई."

"दौंडच्या दवाखान्यातून माल परत आलाय, बानूबाई. नव्या लेबलाखाली जुनं लेबल. मुदत संपलेलं सलाईन. नर्सला सुटलेला कोपरा दिसला म्हणून पेशंट वाचला."

कारेगावच्या त्या कारखान्यात प्रत्येकीचा लेबलांचा रोल वेगळा, नंबर वेगळा, कपाटाची किल्लीही जिची तिच्यापाशी. इतर बायकांना लेबलावरच्या काळ्या रेघांचं अप्रूप वाटे; बानूबाईला नाही. माहेरी, निमोण्यात, तिचा बाप मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करी आणि हजारांतून आपलं कोकरू ओळखून काढी. रेघा तशाच, खूणच. चिठ्ठी लावून झाली की ती चारही कोपरे अंगठ्यानं दाबायची आणि मनातल्या मनात म्हणायची,

पहिली माझी चिठ्ठी, बाटलीच्या गं अंगाला
नीज लागू दे सुखाची, दूरच्या गं दुखण्याला

"सायेब, माझ्या चिठ्ठीचा कोपरा कवा सुटत न्हाई. हात लावून बघा."

"यंत्र कोपरा वाचत नाही, बाई. नंबर वाचतं."

बानूबाईनं दाराशी उभ्या असलेल्या सुपरवायझरकडं पाहिलं. पोपटराव. नवरा गेल्यावर त्यानंच तिला इथं कामाला लावलं होतं. पाच राखीपौर्णिमा तिनं त्याच्या मनगटावर राखी बांधली होती. गेल्या गुरुवारच्या सुटीआधी तो म्हणाला होता, 'ताई, किल्ली ठेवून जा, रोल तपासायचेत.' भावाला कुणी कशाला विचारतं? तिनं पदराची गाठ सोडून किल्ली दिली होती. सुटीनंतर त्यानं ती परत केली होती.

"दादा, सांगा की. किल्ली तुमच्याकडं व्हती."

पोपटरावनं रजिस्टराचं पान उलटलं. मान वर केली नाही.

"कुठली किल्ली, बाई?"

ताई नाही, बाई. बानूबाई साहेबांकडं वळली.

"काम जाऊ द्या, सायेब. पर सतरा नंबर कुणाच्या जिवावर उठला, आसं कुणी म्हनू नये."

"उद्यापासून येऊ नका," साहेब हळू आवाजात म्हणाले.

तिनं पदराची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली. बाटली शेजारीच होती. सवयीनं तिचा अंगठा त्या सुटलेल्या कोपऱ्याकडं गेला. टेकायच्या आत तिनं हात मागं घेतला, आणि कोपरा तसाच उघडा ठेवून ती बाहेर पडली.