जाळी काढलेली गाडी

सायलेन्सरमधली जाळी काढून द्या म्हणत येणाऱ्या पोरांना मी गॅरेजच्या पायरीवरूनच हाकलतो. ही जाळी धूर गाळते. ती कापून काढली की गाडीचा आवाज गावभर जातो, आणि पोरांना तेवढंच हवं असतं. उथळ पाण्याला खळखळाट फार. पूर्वी मीही काढून द्यायचो. पोलिसांनी दमात घेतलं तेव्हापासून कानाला खडा लावला.

पण त्या दिवशी आला तो तेरसिंग पावरा, माझ्याच वयाचा. शिरपुरात कापसाच्या जिनिंगवर हमाली करतो आणि रोज संध्याकाळी बोराडीच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या शेतातल्या घरी जातो. जुनी गाडी मोडीत काढून त्यानं नवीन पद्धतीची घेतली होती.

"नासीरभाऊ, गाडी भलती गप शे. जाळी काढी टाक."

"या वयात? कोणाला दाखवायचंय?" मी चेष्टा केली.

तो हसला नाही. "घर एकटं शे. दिवालीबाई नि मी, बस. जुनी गाडीना आवाज नाल्यापासून जाये, ती बाहेर निंघी ये. आते मी दारमा उभा ऱ्हास तरी मान वर करत नही. मी ऊनू काय, नही ऊनू काय, सारखंच."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझी बायको हसीनाबी जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी जीनत लग्न होऊन मालेगावला गेली. संध्याकाळी घराचं कुलूप मीच काढतो आणि आत शिरताना उगाच खाकरतो. कोणासाठी, ते अल्लालाच ठाऊक.

"बस खाली," मी म्हणालो.

सायलेन्सर उतरवला, ग्राइंडरनं कापला, मधाच्या पोळ्यासारखी ती जाळी ठोकून बाहेर काढली. मग पुन्हा वेल्डिंग मारून आवाज लावायला बसलो. आत किती पत्रा ठेवायचा हे मी कानानं ठरवतो. पोकळ भडभड मला चालत नाही. आवाज कसा खालून, जड आला पाहिजे. किक मारली तसा तेरसिंग पहिल्यांदा हसला. पीयूसी निघणार नाही, पेट्रोल जास्त जाईल, असं सगळं मी त्याला बजावलं. त्याच्या कानावरून ते वाऱ्यासारखं गेलं. बायको बाहेर येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आठ दिवसांनी तो परत आला.

"का रे? ऐकू नाही गेलं का तिला?"

"गयं ना. पहिल्याच दिवशी पळत बांधवर ऊनी. पायमा चप्पल बी नही." मग तो गाडीच्या टाकीवर बोट फिरवत राहिला. "मी जवळ गऊ. तिनी मनं तोंड दखं, नि तिनं तोंड उतरी गयं. तिले वाटनं, बादल ऊना."

बादल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बापाशी भांडून दोन वर्षांपूर्वी गुजरातेत निघून गेला, तो गाडीसकट. तेव्हापासून फोन बंद.

नाव ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं. बादलच्या गाडीची जाळीही मीच काढली होती. तेव्हाही आवाज याच कानानं लावला होता. माझा हात एकच, त्यामुळे माझ्या हातची प्रत्येक गाडी सारखीच बोलते, आणि याचा मला केवढा गर्व! गाडीवर बसलेल्याला हे कळत नाही. लांबून वाट बघणाऱ्याला बरोबर कळतं. तेरसिंगची वाट बघणारं माणूस त्याला मिळावं म्हणून मी कामाला बसलो, आणि त्याच्या बायकोला बघायला लावली पोराची वाट. स्वतःच्या कारागिरीची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

जाळी अजून डब्यात पडली होती. मी पाना उचलला. "उतर. दोन तासांत पुन्हा बसवून देतो."

तो उतरला नाही.

"तेच सांगाले येनार व्हतू. पन सकायले तिले सांगं, तर ती म्हने, नको."

"नको? का?"

"म्हने, तुम्हीन शेतस हाई माले माहीत शे. पन तुम्हीन दिसत नही, तवलगून तो बादल ऱ्हास. तितलं ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, "गाडी तुझी आहे, तेरसिंग. तुला वाटेल ते कर. तुला हे रोज सोसणार आहे का?"

तो रस्त्याकडे बघू लागला. मग माझ्याकडे न बघताच बोलला, "आते मी नाल्यापाशीच थांबस. झाडना आड. गाडी चालू ठेवस चार-पाच मिनिटं. ती बांधवर येस, हासत उभी ऱ्हास. मी जवळ गऊ का ते हासू जास ना, म्हनीसन."

त्यानं किक मारली आणि तो बोराडीच्या रस्त्याला लागला. पाना माझ्या हातातच राहिला.