आधी बापाचं वजन

दीपेशने बायकोला, सरिताला, केसांना धरून अंगणात ओढत आणले, तेव्हा रोशनी वजनकाटा सपाट बसावा म्हणून त्याच्याखाली पुठ्ठा सारत होती. सरिताचा ओठ फुटला होता. दीपेशच्या हातात काठी होती.

"घ्या, मोजा," तो म्हणाला. "आज पोरीचं कमी भरलं तर हिला जित्ती ठेवत नाय."

ओट्यावर त्याची आई गोजर नातीला, काजलला, मांडीवर घेऊन बसली होती.

"पोरीच्या वाटचं हीच खाते," ती म्हणाली. "नायतर पोर अशी वाळंल कशी?"

टॅब घेऊन बसलेली रोशनीची जोडीदारीण मनस्वी घाबरून उठायच्या बेतात होती. रोशनीने तिला हात धरून बसवले. सरिताला या माणसाच्या तावडीत सोडून जायचे कसे?

मुरबाड-शहापूरच्या गावागावांतून आरोग्य कार्यकर्त्या म्हणून दोघींचे हेच काम. नवी सून घरात आली की तिच्यापासून सुरुवात, मग बाळंतपण, आणि पुढे मूल मोठे होईपर्यंत आई, बाप, लेकरू तिघांची तब्येत तपासत राहायची. एकीने आकडा मोठ्याने सांगायचा, दुसरीने तो परत म्हणून टॅबवर भरायचा, असा नियम. चूक होऊ नये म्हणून. मागच्या खेपेला काजलचे घटलेले वजन रोशनीने असेच खणखणीत आवाजात सांगितले होते. ती धसईला पोचून एसटीत बसेपर्यंत इथे सरिताला गुरासारखे बडवले गेले होते. शेजारणीने आज वाटेत हे सांगितल्यापासून रोशनीला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली होती.

"आज आधी बापाचं," ती म्हणाली.

"माझं कशाला?"

"तिघांचं करतो ना आम्ही. चपला काढा, दादा. काठी ठेवा, तिचंही वजन येतं."

त्याने काठी भिंतीला टेकवली आणि काट्यावर चढला.

"एकाहत्तर."

"एकाहत्तर," मनस्वी म्हणाली.

"मागच्यापेक्षा बरंच जास्त," रोशनीने नियमात नसताना पुढे जोडले.

मग सरिता काट्यावर चढली. तिचा तोल जात होता. तिने रोशनीचा खांदा सोडल्यावर आकडा स्थिर झाला.

"सदतीस. मागच्यापेक्षा कमी."

"सदतीस."

मग काजल. तीही घटली होती. रोशनीने तेही सांगितले, आणि दीपेशचा हात काठीकडे जायच्या आत म्हणाली, "वहिनी पोरीचं खात असत्या तर त्यांच्या अंगाला लागलं असतं. या घरात अंगाला लागलंय ते एकट्या तुमच्या."

दीपेशचे तोंड एवढेसे झाले. काठीला त्याने हात लावला नाही. रोशनीला हायसे वाटले; खरे सांगायचे तर चांगली जिरवली म्हणून आनंदच झाला. सामान आवरून दोघी निघाल्या.

कुंपणापाशी पोचतात तोच मागून त्याचा आवाज आला.

"आये, घरात ताटं कोण करतं? ही खाते, ही खाते, म्हणून तू मला सांगत व्हतीस. आता या बाया गावभर माझी अब्रू काढतील."

काठीचा आवाज आला, पाठोपाठ किंकाळी. किंकाळी सरिताची नव्हती.

रोशनी पिशवी टाकून धावली. गोजर ओट्याखाली पडली होती आणि कपाळातले रक्त तिच्या डोळ्यात उतरत होते. दीपेशने पुन्हा काठी उगारली. काजलला खाली ठेवून सरिताने सासूवर अंग टाकले. मग काठी रोजच्याच जागी, सरिताच्या पाठीवर बसू लागली. रोशनीने ती धरायला हात घातला, तर तडाखा तिच्या कोपरावर बसून हात लुळा पडला. मनस्वी रस्त्यावरून लोकांना हाका मारत होती.

सुनेच्या अंगाखालून गोजर ओरडत होती, "तिला नको मारू रे. ताटं मीच करते. तिच्या ताटात मी काय ठेवतच नाय."