किल्लीच झाली माझं नाव

मी या घरातला राउटर, सगळ्यांना वाय-फाय देणारा. कपाटावर बसून धूळ खातो आणि हिरवा दिवा लुकलुकवतो. पण आज माझा जीव टांगणीला लागलाय, म्हणून बोलतोय.

दुकानातून आलो तेव्हा बाबांनी मला पासवर्डशिवायच ठेवलं. "आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" जिन्यात बसून कोणीही माझ्यावर फुकट सिनेमे बघायचं.

मग थोरली लेक बाळाला घेऊन राहायला आली. पाळण्यावर कॅमेरा लागला, तोही माझ्याच भरवशावर. धाकटी कडाडली, "बाबा, बाळ दिसतं त्यात! कुणीही बघेल!" तिने मला एक लांबलचक, अवघड किल्ली दिली, म्हणजे पासवर्ड. ती ज्याच्याकडे नसेल त्याला आत प्रवेश नाही आणि आतलं बोलणं बाहेरच्यांना नुसती खरखर. आयुष्यात पहिल्यांदा मला दार लागलं.

बाबांना मात्र ती किल्ली पाठ होईना. विचारलं की धाकटी फणकारायची, "किती वेळा सांगू? लहान आहात का?"

आज ती कामावर गेली. थोरलीचा बाळाशेजारी डोळा लागला. बाबांनी चष्मा चढवला, माझी सेटिंग उघडली, फोनच्या यादीत दिसणारं माझं जुनं नाव पुसलं आणि नावाच्या जागी तिथे दिसलेली किल्लीच लिहिली. मग आपला फोन पुन्हा जोडला, कॅमेरा जोडला. "झालं! नाव वाचायचं, तेच टाकायचं. मला शिकवतेय!"

अहो बाबा, नाव तर मी जिन्याभर ओरडून सांगतो! गप्प बसणं माझ्या हातात नाही.

थोड्याच वेळात जिन्यातून एक अनोळखी फोन आत आला. त्याने सिनेमा मागितला, मी दिला. आता तो विचारतोय, आत आणखी कोण कोण आहे? कॅमेऱ्याला स्वतःची किल्ली नाही; बिचारा आत आलेल्या सगळ्यांना 'हो' म्हणतो. पाळण्यात बाळ हातपाय हलवतंय. माझा दिवा वेड्यासारखा लुकलुकतोय, पण बाबा पेपर वाचताहेत.

फाटक वाजलं. धाकटीच! तिच्या फोनला माझं जुनं नाव सापडेना. तिने वाय-फायची यादी उघडली आणि पायरीवरच थबकली.

"बाबाऽऽ! किल्ली बाहेर टांगलीत?"

ती धावत वर येतेय. माझी तार उपटणार. उपट, पोरी, लवकर उपट! फक्त नवी किल्ली देशील तेव्हा, बाबांनी दहादा विचारलं तर दहादा सांग. आणि बाबा, तुम्ही अकराव्यांदाही विचारा. पण मला पुन्हा असं ओरडायला लावू न—