साडेपाच लिहिणार नाही

मी साबणाच्या कारखान्यात कढया ढवळायचो तेव्हाची गोष्ट. आमचा साबण इतका जहाल, की एकदा एक मांजर वड्यांच्या थप्पीवरून चालत गेलं आणि पलीकडे उतरेपर्यंत अंगावरचे पट्टे घालवून बसलं. पटत नसेल तर मांजराला विचारा. वहिनीची हकिकत मात्र जशीच्या तशी सांगतो. तिला तिखटमीठ लावायची सोय नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, कारखान्याची तपासनीस. वडीचा तुकडा पाण्यात विरघळवायचा, कागदाची पट्टी बुडवायची, तिचा रंग तक्त्याशी ताडायचा आणि पीएचचा आकडा वहीत लिहून खाली सही करायची. त्या सहीशिवाय माल गाडीत चढत नसे. थोरल्या मालकांपासूनचा शिरस्ता होता तो.

मग मालकांनी जावयाच्या हाती कारभार दिला. जावईबापूंनी आल्या आल्या साठ हजार वेष्टनं छापून आणली. त्यांवर हसरं बाळ, आणि शेजारी ठळक अक्षरांत: ‘बाळाच्या त्वचेसारखाच, पीएच ५.५’. आत वडी जुनीच!

“बाई, वहीत साडेपाच लिहा,” ते म्हणाले.

“पट्टी दहा म्हणते.”

“मग पट्टी बदला.”

“पट्टी बदलेन हो. बाळाची कातडी कुठून बदलून आणू?” वहिनीने वेष्टनं गुंडाळणाऱ्या आक्काचा हात धरून त्यांच्यापुढे केला. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. “कातडी मुळात जराशी आंबट असते, साडेपाचच्या आसपास. तो आंबटपणा हेच तिचं कुंपण. ओल आत धरतो, जंतूंना बाहेर ठेवतो. हा साबण रोज लागला की कुंपण पडतं. हिच्यासारख्या राकट बाईची ही गत, तर तान्ह्याचं काय होईल?”

“राकट कोणाला म्हणतेस गं?” आक्का म्हणाली, पण हात मागे घेतला नाही.

जावईबापूंचा चेहरा उजळला. “एवढंच ना? मग साबणच आंबट करू. कढईत लिंबाचं सत्त्व ओता!”

“तेल आणि कॉस्टिक सोड्याचं लग्न लागलं की साबण होतो. आंबट घातलंत तर काडीमोड होईल.”

“मी रसायनशास्त्रात वर्गात पहिला होतो, बाई.”

“वर्गात होते किती जण?”

त्यांनी माणूस बाजारात पिटाळला. सत्त्वाची पोती आली. मी ढवळत गेलो, ते ओतवत गेले. आधी फेस मेला. मग वर चरबीचा जाड तवंग आला आणि खवट वास सुटला. जावईबापूंनी खालच्या पाण्यात पट्टी बुडवली आणि नाचायलाच लागले. “साडेपाच! आला की नाही?”

“आकडा आला, साबण गेला. लावा तोंडाला,” वहिनी म्हणाली.

जावईबापूंनी तो तवंग खरंच तोंडाला फासला. पुढचे तीन दिवस त्यांच्या नाकावर माशी बसली की घसरून मिशीत पडायची.

पण त्या दिवशी चेहरा पुसता पुसता त्यांचा आवाज बदलला. गाडी दाराशी लागली होती. “जुन्या वड्याच भरा. बाई, साडेपाच लिहा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

माझा भाऊ कमरेने अंथरुणाला खिळलेला. घर वहिनीच्या पगारावर. मी तिच्या कानाशी लागलो, “वहिनी, लिहून टाका. एका आकड्याने काय आभाळ कोसळतं?”

“भावजी, थापा तुम्ही मारा, तुम्हाला शोभतात. माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणीतरी आई बाळाला आंघोळ घालणार आहे.”

तिने वहीत १० लिहिलं, सही केली. जावईबापूंनी पान फाडलं. तिने पुढच्या पानावर लिहिलं, त्यांनी तेही फाडलं. आक्का आली, मग एकेक करत साऱ्याजणी हातातलं काम टाकून भोवती उभ्या राहिल्या. गुडघाभर कागद साचले. वही संपली तेव्हा जावईबापूंना दम लागला होता आणि वहिनीची सही पहिल्यापेक्षा झोकदार झाली होती.

तिने पिंपांवर खुणा करायचा लाल रंग उचलला, गाडीसमोरच्या भिंतीपाशी गेली आणि पुरुषभर उंचीचं लिहिलं: ‘पीएच १०. बाळांसाठी नाही.’ खाली सही.

“आता भिंत फाडा.”

गाडीवान खाली उतरला, वाचलं, आणि त्याने मागचं फळकं धाडकन लावलं. “साहेब, सही भिंतीवर आहे. दुकानदाराकडे भिंत घेऊन जाऊ का?”

गाडी रिकामीच गेली.

“उद्यापासून येऊ नका!” जावईबापू ओरडले.

“येणार. आठ वाजता,” वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आठला आम्ही पोचलो तर भिंतीला पांढराशुभ्र चुना मारलेला, अजून ओला. त्यासमोर आक्का उभी होती, तिच्यामागे बाकीच्या रांगेत, आणि आक्का त्या ओल्या चुन्यात बोटानेच १० कोरत होती.

“अगं, बोट काढ!” वहिनी धावली. “चुना बाराच्या वर असतो! ब्रश घे. आणि एक मलाही दे.”