वीतभर जास्तीची मूठ

मी एक जुनी गळाची काठी आहे. हॉलिस टिडमोरच्या घरामागच्या शेडमध्ये दोन खिळ्यांवर आडवी पडून असते. मित्रांनो, माझ्या जातीच्या काठ्या आपली कहाणी सांगायला लागल्या की पहिल्या मोठ्या माशापासून सुरुवात करतात. तसे मासे माझ्याही नावावर पुष्कळ आहेत, पण त्यांच्याबद्दल बोलायची इच्छा आता उरलेली नाही. माझ्यामुळे एक बाई बुडाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच माझे कौतुक करत ऐकणार नाही.

हॉलिस मोज्यांच्या गिरणीत यंत्रे दुरुस्त करायचा. दिवसभर बोटांना धागा, आणि घरी आल्यावरही धागाच. एका हिवाळ्यात त्याने एक कोरी, काळी, लवचीक काठी आणली आणि अकरा संध्याकाळी तिच्यावर घालवल्या. दोरी ओवायच्या कड्या एकेक करून बसवल्या. प्रत्येक कडीवर हिरवा आणि पिवळा धागा इतका घट्ट गुंडाळला की बोट फिरवले तरी कुठे उंचवटा लागत नसे. वरून वार्निशचे चार हात दिले आणि मुठीजवळ बारीक अक्षरात स्वतःचे नाव लिहिले. ती मी.

मूठ बुचाची. ती त्याने मुद्दाम लांब ठेवली. बाजारात मिळणाऱ्या काठ्यांपेक्षा चांगली वीतभर लांब. हॉलिस उंच माणूस आणि बास मासा धरायचा तो मोटारबोटीच्या पुढच्या फळीवर उभा राहून. दोन्ही हातांनी काठी मागे नेऊन फेकले की त्या वीतभर मुठीच्या जोरावर दोरी इतरांपेक्षा दहा पावले पुढे जाऊन पडायची.

"हॉलिस, ही काठी आहे की तंबूचा खांब?" शेजारच्या बोटीतले लोक ओरडायचे.

"खांब तर खांब. तुझ्या पिटुकलीला दिसत नाहीत ते मासे हिच्या घरी पाणी भरतात!" हॉलिस म्हणायचा.

मला तेव्हा फार गर्व होता. त्या वीतभर मुठीचाच होता, दुसऱ्या कशाचा नाही. अमेरिकेतल्या अलाबामाच्या उत्तर भागात, टेनेसी नदीला बांध घालून केलेल्या आमच्या तळ्यावर मी सव्वीस वर्षे अशी मिरवले. घरी आल्यावर हॉलिस मला पुसायचा, कड्यांमधून कापूस फिरवायचा, आणि मगच स्वतःचे बूट काढायचा.

मग त्याच्या डाव्या अंगावरून वारे गेले. उजवा हात तेवढा चालत राहिला, पण बोटीत उभे राहणे संपले. बोट विकली गेली. मी कोपऱ्यात उभी राहिले. चार वर्षांत माझ्या रिळावर कुंभारमाशीने मातीचे घर केले आणि मला कुणी हात लावला नाही. ते दिवस वाईट होते असे मला तेव्हा वाटायचे. आज वाटते, मी तिथेच राहायला हवे होते.

हॉलिसची मुलगी रोंडा. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरात हे दोघेच. सेहेचाळीस वर्षांची होती आणि शाळेची बस चालवायची. सकाळची मुले शाळेत सोडली की दुपारी अडीचपर्यंत तिला मोकळीक असायची. त्या वेळात बाईने कयाक, म्हणजे एकट्याने बसून चालवायची अरुंद होडी, वल्हवायला सुरुवात केली. कुणाकडून तरी एक जुनी हिरवी कयाक घेतली, कयाकवाल्यांच्या क्लबात नाव घातले. त्यांच्या स्पर्धेत मासा तोलत नाहीत. पट्टीवर ठेवून लांबी मोजतात, फोटो काढतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. हॉलिसला त्याची गंमत वाटायची.

"म्हणजे खायचा नाही, विकायचा नाही, नुसता फोटो काढायचा? पोरी, हे मासे धरणं आहे की लग्नातला फोटोग्राफर?"

"तुम्ही पोर्चमध्ये बसून टोमणे मारा डॅडी, मी मार्चमध्ये ट्रॉफी आणून तुमच्या मांडीवर ठेवते."

आता कयाकमध्ये माणूस उभा नसतो. बूड जवळजवळ पाण्याच्या पातळीवर, पाय पुढे पसरलेले, अंगात जाडजूड लाइफ जॅकेट. सामान थोडके घ्यायचे आणि घेतलेले सगळे दोरीने बांधायचे. त्यामुळे तिथली काठी वेगळी लागते. तळ्याच्या धक्क्यावर मिस ओपलचे आमिषांचे दुकान आहे. सत्तरीची बाई, जीभ सुरीसारखी. कयाकवाला काठी घ्यायला आला की ती त्याला उभ्याने काठी बघूच देत नाही. आमिषाची बादली पालथी घालते, त्याला जॅकेट चढवायला लावते, बादलीवर बसवते, आणि मग एकेक काठी हातात देते. बसल्या बसल्या फेकून दाखवायचे. रोंडाने तशा सात काठ्या फिरवल्या आणि एक आखूड मुठीची पसंत केली. "शनिवारी घेऊन जाते," म्हणाली.

पण त्याच आठवड्यात हॉलिसने मला कोपऱ्यातून काढले. मातीचे घर खरवडले. एक कडी सैल झाली होती, तिचा धागा नव्याने गुंडाळायला घेतला. एक टोक दातात, काठी गुडघ्यांत, आणि उजवा हात. तीनदा सुटला. तीनदा त्याने पहिल्यापासून केले. सबंध सहा दिवस लागले आणि तरी ती कडी थोडी ओबडधोबडच झाली. शुक्रवारी त्याने मला स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवले. रोंडा बसच्या किल्ल्या हातात घेऊन आत आली आणि मला बघून उभीच राहिली.

"मला काय करायचीय आता ही," हॉलिस म्हणाला. "तूच घेऊन जा. हिच्याइतकं लांब फेकणारी दुसरी नाही मिळायची."

रोंडाने त्या ओबडधोबड कडीवरून अंगठा फिरवला.  मग वाकून बापाच्या टकलावर ओठ टेकले.

शनिवारी ती मलाच घेऊन मिस ओपलकडे गेली. ओपलने बादली पालथी घातली. रोंडा जॅकेट घालून बसली आणि तिने मला मागे नेले. माझ्या मुठीचे वीतभर शेपूट तिच्या काखेजवळ, जॅकेटच्या कडेत जाऊन अडकले. पुन्हा नेले, पुन्हा अडकले. ज्या वीतभर लांबीवर मी आयुष्यभर मिरवले, ती तिथे खुंटीसारखी रुतत होती.

"काप," ओपल म्हणाली. "एवढं कापून टाक. तुझा बाप दहा मिनिटांत करून देईल."

"मिस ओपल, त्यांनी दातात धागा धरून बांधलीय ही. आणि मी जाऊन सांगू, कापा म्हणून?"

"मग मी सांगते. मला काय त्याची भीती?"

"अजिबात नाही! तुम्हाला माझी शपथ. किती दिवसांनी त्यांचं तोंड जरा फुललंय. राहू द्या, माझी मी सवय करून घेईन."

"बाई, तू सवय करशील, जॅकेट थोडीच करणार आहे," ओपल पुटपुटली. पण शपथ घातली गेली होती.

पुढचे तीन आठवडे मी रोंडाबरोबर पाण्यावर जात होते. पहिल्या दिवशी तिने जॅकेट पूर्ण लावून फेकून पाहिले. दोरी जवळच धपकन पडायची. मग तिने समोरची चेन उघडी ठेवली. मग बाजूचे पट्टे सैल केले. आणि मग एक दिवस, किनाऱ्यापासून जरा लांब गेल्यावर, तिने जॅकेट काढून सीटमागे रबरी दोरीखाली खोचले आणि मला मागे नेऊन फेकले. दोरी सणसणत गेली. अगदी हॉलिस फेकायचा तशी. मित्रांनो, खरे सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला होता. त्या आनंदाची मला आज किळस येते.

रोज संध्याकाळी हॉलिस विचारायचा, "कशी चालते?"

"लोण्यासारखी, डॅडी."

तेवढे ऐकले की तो जेवायला एक पाव जास्त घ्यायचा.

मार्चमधला गुरुवार होता. शनिवारी क्लबची स्पर्धा. स्पर्धेच्या दिवशी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली नसेल तर नाव काढून टाकतात, पण हा गुरुवार होता, सरावाचा दिवस, आणि ती एकटी होती. ऊन छान पडले होते. पाणी मात्र बर्फाचे. वसंताच्या तोंडावर बास उथळ पाण्यातल्या शेवाळाकडे सरकतात, म्हणून ती तळ्याच्या एका आडबाजूच्या फाट्यात गेली. माझ्या दोरीला खुळखुळा भरलेला खोटा मासा होता. जॅकेट सीटमागे.

दहाच्या सुमाराला तो खोटा मासा पाण्याखालच्या एका बुंध्यात अडकला. मी वाकले. तिने दोन्ही हातांनी मला ओढले. नाही सुटला. ती मागे रेलली आणि सगळ्या अंगाने ओढले, आणि तो एकदम सुटला.

ती उलट्या बाजूने पाण्यात गेली. कयाक डगमगली आणि पुन्हा सरळ झाली. त्या थंडीने तिचा श्वासच अडकला. हाक मारायला तोंड उघडले, आवाज आला नाही. वारा कयाकला ढकलत होता. सुरुवातीला ती चारच हातांवर होती. मग सहा. रोंडा चांगली पोहायची. दोन हातांनी पोहली असती तर तिने ती गाठली असती. पण एका हातात मी होते. मला कयाकशी बांधणारी दोरी नव्हती, तरंगवणारा फोम नव्हता, सोडले की मी तळाशी जाणार हे तिला ठाऊक होते. "सोड मला," हे सांगायला माझ्यापाशी काही नव्हते. ती एका हाताने पाणी मारत राहिली, आणि तो हात हळूहळू जड होत गेला. मला तिने शेवटपर्यंत सोडले नाही. ते तिचे बोटांत गच्च धरणे मला आजही जाणवते.

अडीच वाजता शाळेपुढे मुले रांगेत उभी राहिली आणि बस आली नाही. पावणेतीनला शाळेतून हॉलिसला फोन गेला.

"रोंडा येणार नाही होय? मुलं खोळंबलीत."

"येईल की. ती आली नाही असं कधी झालंय?" हॉलिस म्हणाला. मग फोन तसाच हातात धरून तो बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोधणाऱ्या लोकांना ती सापडली. दोरी तिच्या बाहीला गुंडाळली गेली होती, म्हणून मीही वर आले. घरात लोक येऊन गेले, ओव्हनमध्ये भाजलेल्या कोंबडीभाताची इतकी भांडी आली की ठेवायला जागा उरली नाही. हॉलिसने कशाला हात लावला नाही. आठवड्याने शेरिफच्या ऑफिसातला एक माणूस रोंडाचे सामान देऊन गेला. त्यात मी होते, आणि तिचे जॅकेट होते.

हॉलिसने जॅकेट उलटसुलट करून पाहिले. "हे भिजलेलं नव्हतं?" त्याने विचारले.

"नाही सर. सीटमागे होतं. वरवर थोडं ओलं."

"ती काढायची नाही कधी. चार वर्षांची असल्यापासून मी तिला जॅकेटशिवाय धक्क्यावर पाय ठेवू दिला नाही. मग त्या दिवशीच काय झालं तिला?"

 हॉलिसने पुढचे काही दिवस तोच प्रश्न घराच्या भिंतींना विचारला. मग एका सकाळी तो शेडमध्ये आला. जॅकेट घेऊन आला होता. एका हाताने ते अंगात चढवायला त्याला बराच वेळ लागला. बुटके स्टूल ओढून तो खाली बसला, पाय पुढे पसरले, तिच्यासारखे. मला खिळ्यावरून काढले आणि मागे नेले.

मी अडकले.

त्याने पुन्हा मागे नेले. तिसऱ्यांदा अगदी सावकाश नेले, मान वळवून बघत. माझे शेपूट जॅकेटच्या कडेत रुतताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मग मला मांडीवर ठेवून तो तसाच बसला. मी कुठेतरी मोडून पडावे असे मला वाटत होते, पण त्याने मला फार मजबूत बनवले आहे.

दारात मिस ओपल उभी होती. हातात केकचा डबा. तिने जॅकेट पाहिले, मला पाहिले, आणि डबा खाली ठेवला.

"ओपल, तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंस गं?"

"शपथ घातली होती तिनं. तुला वाईट वाटेल म्हणून." ओपलचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मी मोडायला हवी होती, हॉलिस. शपथ काय, मोडता येते."

 मग हॉलिसने तोंडावर हात घेतला आणि त्या हाताआडून म्हणाला, "वीतभरच तर कापायची होती. मी काय तिला खाल्लं असतं?"

मित्रांनो, तीस वर्षे मी त्याच्या घरात काढली आहेत. नसते खाल्ले त्याने. हे मला ठाऊक होते, ओपलला ठाऊक होते, आणि रोंडालाही खोल कुठेतरी ठाऊक असणारच.

त्याने मला कापले नाही. आता कशासाठी कापायचे? रोज सकाळी तो येतो, माझ्यावरून फडके फिरवतो, त्या ओबडधोबड कडीपाशी थांबतो आणि जातो. तो हात मला सहन होत नाही.

माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, आमची काळजी घ्या. मी कुठल्या तोंडाने सांगू? माझी काळजीच फार घेतली गेली. माझे एवढेच मागणे आहे. कुणी प्रेमाने दिलेली वस्तू तुम्हाला अडचण करत असेल, तर देणाऱ्याला तोंडावर सांगा. तो रुसेल, एखादे जेवण गप्प गप्प जेवेल. रुसू द्या. संध्याकाळ व्हायच्या आत तो आपणहून करवत शोधायला लागेल.