निळ्या शाईतला आकडा

त्या बाईंच्या पत्राला त्याने कधी उत्तर दिलं नव्हतं. पूल कोसळून बस नदीत गेली, त्यानंतर पुलावरच्या पहारेकऱ्याच्या बायकोने ते लिहिलं होतं. 'पाणी लाल खुणेच्या वर असताना यांनी बस सोडली, असं लोक म्हणतात. खरं पाणी किती होतं, एवढंच कळवा. मुलांना शाळेत चिडवतात.'

पाटबंधारे खात्यासाठी पाणी त्यानेच मोजलं होतं. लाल खूण ओलांडली की आकडा लाल शाईने लिहायचा, एरवी निळ्या, ही खात्याची पद्धत. त्या दिवशीचा आकडा निळा होता. पण आकडे बाहेर द्यायचे नाहीत, असा साहेबांचा हुकूम होता. त्याने पत्र घडी घालून ठेवून दिलं.

निवृत्तीनंतर खात्याने त्याला पुन्हा बोलावलं, ते जुन्या नोंदवह्यांतलं अक्षर लावून द्यायला.

"मापकाका, झालं बरं का," ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या. "नदीचे सगळे आकडे आजपासून वेबसाइटवर."

"म्हणजे कुणालाही दिसणार?"

"कुणालाही. विमावाले घेतील, ॲपवाले घेतील, शाळेतली पोरं घेतील."

"आणि परवानगी?"

"कसली परवानगी? काका, तुम्ही अजून किल्ल्या कमरेला लावूनच बसलाय."

तो हसला, पण जरा उशिरा. मग त्याने पूल पडला तो दिवस उघडायला सांगितला. पडद्यावर सगळेच आकडे काळे होते.

"हा निळा होता," तो पुटपुटला.

"रंग नाही येत हो त्यात. पण शेजारी धोक्याची पातळी दिलीय की. हे बघा, पाणी खालीच आहे."

इतकं सोपं होतं ते.

घरी येऊन त्याने एकट्यापुरता चहा टाकला आणि निळं पेन शोधलं. 'पाणी लाल खुणेच्या हातभर खाली होतं. तुमच्या यजमानांची चूक नव्हती. कळवायला मला फार उशीर झाला. आता हे कुणालाही बघता येतं. मुलांना दाखवा.' मुलं आता चाळिशीला आली असतील, हे लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने खोडलं नाही.

पोस्टातल्या बाईने पाकीट उलटंपालटं केलं. "आजोबा, मागे तुमचा पत्ता नाही. तिथं कुणी सापडलं नाही तर परत कुठे पाठवायचं?"

त्याने सावकाश पत्ता लिहिला.

"दिवसा असतं ना कुणी घरी?"

"असतो," तो म्हणाला. "मीच असतो."

तिने शिक्का मारला.